सभेच्या बातमीआधी विषयपत्रिका छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची बातमी बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. कोणी माइक ओढला, कोणी सभात्याग केला, सत्ताधारी आणि विरोधक कसे भिडले, आणि मग शेवटची ओळ : 'उर्वरित विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आले.' शहराचा बहुतेक पैसा या शेवटच्या ओळीत असतो. गोंधळ एखाद्या चौकाच्या नामकरणावर होतो आणि घनकचऱ्याच्या ठेक्याची मुदतवाढ अर्ध्या मिनिटात संमत होते. म्हणून विनंती अशी, की सभेची बातमी छापाच, पण त्याआधी सभेची विषयपत्रिका छापा.

हा विषय आत्ता मांडण्याला कारण आहे. राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. त्याआधी अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर यांसारख्या उपनगरी नगरपरिषदांमध्ये आणि इतरही अनेक ठिकाणी काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. विषयाची माहिती देणारी टिपणी ठेवणारे कार्यालय त्यांचे आणि ठराव करणारेही तेच, त्यामुळे सभागृहात प्रश्न विचारण्याची सवयच मोडली. आता सभागृहे पुन्हा भरली आहेत, पण निवडून आलेल्यांपैकी कित्येक जण पहिल्यांदाच सभागृहात बसले आहेत. विषयपत्रिका कशी वाचायची हे त्यांना कोणी शिकवत नाही, मतदारांना तर नाहीच.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ८१ मध्ये सभांचे नियम आहेत. सर्वसाधारण सभेची सूचना सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी नगरसेवकांना द्यावी लागते. पूर्ण दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नसतात. त्या सूचनेत सभेची वेळ, जागा आणि सभेपुढचे विषय असतात आणि ती कार्यालयाच्या सूचनाफलकावरही लावायची असते. म्हणजे विषयपत्रिका हा गोपनीय कागद नाही. वार्ताहराने फलकासमोर उभे राहून फोटो काढला तरी आठवडाभर आधी ती वाचकांच्या हाती पडू शकते.

मात्र विषयपत्रिकेतली एक ओळ पुरेशी नसते. प्रत्येक विषयामागे संबंधित खात्याची टिपणी असते आणि खरी माहिती तिच्यात असते : खर्च किती, लेखाशीर्ष कोणते (म्हणजे पैसा कोणत्या निधीतून), तांत्रिक मान्यता कोणाची, आधी झालेला ठराव कोणता. बऱ्याच ठिकाणी विषयपत्रिका वेळेवर वाटली जाते आणि टिपण्या सभेच्या आदल्या संध्याकाळी, कधी कधी थेट सभागृहातच हातात पडतात. चाळीस विषयांच्या टिपण्या तिथे बसून वाचणे कोणालाही शक्य नाही. टिपणीशिवाय विषयपत्रिका दिली म्हणजे सूचना दिली, असे समजणे बंद झाले पाहिजे. नगरपरिषदेने दोन्ही कागद एकाच दिवशी संकेतस्थळावर टाकावेत. टिपण्या संगणकावरच तयार होतात, त्यामुळे याला वेगळा खर्चही येत नाही.

आता विषयपत्रिका हातात आली की कुठे थांबायचे ते सांगतो. शोकप्रस्ताव, अभिनंदनाचे ठराव, नामकरण, जत्रेच्या जागेचे भाडे हे सोडून द्या. थांबायचे ते 'कार्योत्तर मंजुरी', 'मुदतवाढ', 'वाढीव काम', 'अधिकार प्रदान करणे' या शब्दांपाशी आणि सर्वात शेवटच्या 'ऐनवेळी येणारे विषय' या ओळीपाशी.

कार्योत्तर मंजुरी म्हणजे काम होऊन गेले, खर्च झाला, आता सभागृहाने हो म्हणायचे. पाण्याची मुख्य वाहिनी फुटली, पुरात नाल्याची भिंत खचली, अशा वेळी तिला पर्याय नसतो. अशी टिपणी चार ओळींची असली तरी तिच्यात घटनेची तारीख, काम सुरू केल्याची तारीख आणि काम कोणाच्या आदेशाने दिले हे असतेच. ज्या टिपणीत या तीन गोष्टी नाहीत आणि काम रंगरंगोटीचे, मंडपाचे किंवा विद्युत रोषणाईचे आहे, तिथे तातडी कसली होती हे विचारायला हवे.

मुदतवाढीचा विषय घनकचऱ्याच्या ठेक्यात सर्वात जास्त येतो. मूळ ठेका संपल्याची तारीख, नवी निविदा काढल्याची तारीख आणि ही कितवी मुदतवाढ आहे, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडले की चित्र स्पष्ट होते. ठेका संपण्याच्या तारखेआधी पुरेसा वेळ हातात ठेवून नव्या निविदेचे प्राकलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, तयार असायला हवे. ते नसेल तर मुदतवाढ अपरिहार्य होते, आणि ती तशी व्हावी म्हणूनच प्राकलन रखडवले गेले का, हा प्रश्न रास्त ठरतो. कचऱ्याचे देयक टनावर असेल तर वजनकाट्याच्या पावत्याही पाहाव्यात. रिकाम्या गाडीचे वजन कधी घेतले, ते दर काही महिन्यांनी पुन्हा घेतले का, एकच गाडी दोन खेपांच्या मधल्या वेळात शहरातून फिरून परत येणे शक्य आहे का. कचऱ्याबरोबर बांधकामाचा राडारोडा भरला की वजन झपाट्याने वाढते. पावसाळ्यात ओल्या कचऱ्याचे वजन वाढणे स्वाभाविक आहे, पण उन्हाळ्यातही आकडा तसाच राहिला तर खुलासा हवा. दिवसाला फक्त २ टन जादा दाखवले तरी वर्षाला ७३० टन होतात, आणि त्याचे पैसे घरपट्टीतूनच जातात.

रस्ते आणि गटारांचे विषय मात्र सविस्तर पाहावे लागतात, कारण ते संख्येने सर्वात जास्त असतात आणि प्रत्येकाची रक्कम छोटी असल्याने कोणी विचारत नाही. विषयाचे वर्णन साधारण असे असते : 'प्रभाग क्रमांक अमुक मध्ये श्री. अमुक यांचे घर ते श्री. तमुक यांचे घर पेव्हर ब्लॉक बसवणे.' घराच्या नावाने रस्ता ओळखण्यातच पहिली अडचण आहे. तोच रस्ता पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाच्या घराच्या किंवा दुकानाच्या नावाने पुन्हा येऊ शकतो आणि कागदावर तो नवा दिसतो. एकाच गल्लीचे तीन तुकडे करून तीन विषय ठेवले, की प्रत्येक काम ई-निविदेच्या मर्यादेखाली बसते आणि खुली ऑनलाइन निविदा काढावी लागत नाही. रस्त्याचा क्रमांक, सुरुवात आणि शेवट, मीटरमधली लांबी आणि याआधी त्यावर खर्च झाल्याचे वर्ष, एवढे टिपणीत सक्तीचे केले तर हे दोन्ही प्रकार लगेच उघडे पडतील.

उदाहरणादाखल १२० मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद गल्ली घेऊ. क्षेत्रफळ ४२० चौरस मीटर. ब्लॉकची जाडी किती, हे आधी पाहावे. भारतीय मानक १५६५८ नुसार हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर जाडीचा एम-३५ या काँक्रीटच्या प्रतीचा ब्लॉक चालतो, मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटरचा एम-४० लागतो. गल्लीतून पाण्याचे टँकर आणि कचऱ्याच्या गाड्या जात असतील तर ६० चा ब्लॉक वर्षभरात डुगडुगायला लागतो. पण कामाच्या अंदाजपत्रकात ८० लिहून जागेवर ६० चा बसवला, तर वरून काहीच कळत नाही. कडेचा एखादा ब्लॉक बसवण्यापूर्वी फूटपट्टीने मोजला तर कळते. काम चालू असताना रहिवाशांनी एवढे करायला हरकत नाही.

त्याखाली वाळूचा थर ३० मिलिमीटर धरला तर १२.६ घनमीटर वाळू लागते. त्याखाली खडीचा १५० मिलिमीटरचा दबलेला थर धरला तर ६३ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ ब्रास. हे सगळे जुन्या पातळीत बसवायचे तर आधी २६ सेंटिमीटर खोदावे लागते, म्हणजे १०९ घनमीटर खोदाई आणि तो माल वाहून नेणे. अंदाजपत्रकात या सगळ्या बाबी असतात, दरसूचीप्रमाणे दरही लागलेले असतात. फसवणूक खोदाई आणि खडी या दोन बाबींत होते. जुन्या रस्त्यावरच वाळू पसरून ब्लॉक बसवले, तर खोदाईही वाचते आणि खडीही, आणि देयकात मात्र दोन्ही लागतात. याची खूण कोणालाही दिसते : रस्ता घरांच्या उंबऱ्याच्या दिशेने वर येतो. काम झाल्यावर रस्ता आधीच्या पातळीत राहिला असेल तर खोदाई झाली आहे. अर्ध्या वितीएवढा वर आला असेल तर पहिल्या पावसात तळमजल्यात पाणी शिरणार, आणि पुढच्या वर्षी 'पाणी साचत असल्याने गटार बांधणे' असा नवा विषय येणार.

आणखी एक चूक क्रमाची असते. ब्लॉक आधी, गटार नंतर, आणि त्यानंतर नळजोडणीसाठी खोदाई. कडेला काँक्रीटची आडबंदी नसली की ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे रुंदावतात, सांध्यातली वाळू निघून जाते आणि ब्लॉक सुटे होतात. टिपणीत 'या रस्त्यावर जलवाहिनी व मलवाहिनीचे काम पूर्ण आहे किंवा कसे' असा एक रकाना असला, तर वर्षभरात तोच रस्ता तीनदा फोडणे टळेल.

काम दिल्यानंतर 'वाढीव काम' सभेपुढे येते. टक्केवारी दराच्या बी-१ निविदेत ३८ व्या कलमानुसार एखादी बाब निविदेतल्या परिमाणाच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त वाढली, तर वाढीव भागाचा दर वेगळा ठरतो. आपल्या उदाहरणात ४२० चौरस मीटरवर २५ टक्के म्हणजे ५२५ चौरस मीटरपर्यंत मूळ दर चालतो. म्हणून अंदाजपत्रकापेक्षा खूप कमी दराने निविदा भरून काम मिळवायचे आणि नंतर नव्या बाबी, वाढीव परिमाणे आणि नवी मंजुरी यांतून तूट भरून काढायची, ही वाट ठेकेदारांना चांगली माहीत असते. दहा लाखांचे काम २२ टक्के कमी दराने म्हणजे ७ लाख ८० हजारांत गेले, ही बातमी आनंदाची वाटते. पुढच्या सहा महिन्यांत त्याच कामाचा वाढीव ठराव आला का, हे पाहिल्याशिवाय ती बचत मानू नये.

खर्चाचा शेवटचा पुरावा मोजमाप पुस्तिका असते, ज्याला सगळे एमबी म्हणतात. तिच्यात प्रत्येक बाबीची संख्या, लांबी, रुंदी, खोली किंवा जाडी आणि परिमाण असे रकाने असतात. जाडीचा रकाना मोजून भरला आहे की अंदाजपत्रकावरून उतरवला आहे, हे पाहिले की पुष्कळ कळते. खरी मोजमापे क्वचितच गोल आकड्यात येतात. १२० मीटर लांबीत सगळीकडे नेमकी साडेतीन मीटर रुंदी भरली असेल तर अभियंत्याने टेप लावली नाही, असे समजायला जागा आहे. जुन्या वस्तीतली गल्ली इतकी सरळ नसते.

लेखाशीर्ष बघायलाही विसरू नये. वित्त आयोगाच्या अनुदानातला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच खर्च करायचा असतो. नगरोत्थान या राज्याच्या योजनेचा निधी वेगळा, अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठीचा नागरी वस्ती सुधारणेचा वेगळा. गटाराच्या नावाखाली रस्ता किंवा वस्ती सुधारणेच्या निधीतून वस्तीबाहेरचे काम, असे विषय लेखाशीर्ष आणि जागा एकत्र वाचल्याशिवाय सापडत नाहीत. वस्तीच्या वाट्याचे पैसे अशा रीतीने दुसरीकडे गेले तर ते परत मिळत नाहीत. म्हणून हा भाग दुर्लक्षित राहिला की जास्त वाईट वाटते.

घरपट्टीच्या चतुर्वार्षिक फेरआकारणीचा विषयही असाच 'सर्वेक्षणासाठी संस्था नेमणे' या साध्या नावाने येतो. संस्थेला मोबदला मालमत्तेच्या संख्येवर असेल तर काम घाईत उरकले जाते. गच्चीवरची पत्र्याची शेड खोली म्हणून धरली जाते, चटईक्षेत्राच्या, म्हणजे भिंतींच्या आतल्या क्षेत्राच्या, जागी भिंतींसह बांधीव क्षेत्र लागते, निवासी गाळ्याला व्यापारी दर लागतो. नवी आकारणी यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतीची मुदत असते, त्या मुदतीतच लेखी हरकत, घराचा नकाशा किंवा मोजमाप जोडून द्यावी आणि पोच घ्यावी. मुदत गेल्यावर तक्रार करणारे फार असतात. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते : दहा हजारांवर महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे. वाद चालू असला तरी मान्य असलेली रक्कम भरून टाकावी.

आता इतिवृत्ताबद्दल. विषयपत्रिकेतला पहिला विषय बहुधा 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हाच असतो आणि तो वाचल्याशिवाय कायम होतो. सभागृहात जे बोलले गेले त्याचे ठरावात रूपांतर नंतर कार्यालयात होते. तेव्हा 'त्या अनुषंगाने येणाऱ्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे' किंवा 'पुढील कार्यवाहीचे सर्व अधिकार मा. अध्यक्ष यांना देण्यात येत आहेत' अशी वाक्ये शेवटी जोडली जाऊ शकतात. पहिल्या वाक्याने खर्चाची मर्यादा जाते, दुसऱ्याने विषय सभागृहाच्या हातून जातो. ज्याने विरोध केला त्याचे नाव नसते, 'सर्वानुमते' असते. विरोध करणाऱ्या नगरसेवकाने तोंडी विरोधावर थांबू नये. विषय क्रमांक घालून दोन ओळींचा लेखी विरोध सभेतच द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर वेळेसह पोच घ्यावी. इतिवृत्ताचा मसुदा पुढच्या विषयपत्रिकेबरोबर मिळालाच पाहिजे, असा आग्रह पक्ष बाजूला ठेवून सर्वांनी धरावा. आज सत्तेत असलेले उद्या समोरच्या बाकावर बसतात, तेव्हा हीच नोंद त्यांच्या उपयोगी पडते.

ऐनवेळचे विषय खरोखर ऐनवेळी उद्भवलेले असावेत. भूखंडाचा भाडेपट्टा, आरक्षणातला बदल, मोठ्या रकमेचे दरपत्रक हे काही रात्रीत उद्भवत नाहीत. अशा विषयांवर कोणालाही आधी सूचना मिळालेली नसते, म्हणजे सात दिवसांची तरतूदच निरर्थक होते. कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताला बाधक वाटणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात. तिकडे अर्ज करताना भाषण लिहू नये. ठराव क्रमांक, सभेची तारीख, विषय मूळ विषयपत्रिकेत होता की नव्हता आणि कोणती तरतूद मोडली एवढेच लिहावे, विषयपत्रिकेची प्रत जोडावी आणि कामाचे आदेश निघण्याआधी द्यावा. रस्ता होऊन गेल्यावर स्थगितीला काही अर्थ उरत नाही.

कागद मिळवण्याचा सर्वात सोपा मार्ग फार थोड्या लोकांना माहीत आहे. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरावरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना ठराव क्रमांक किंवा कामाचे नाव लिहून न्यावे, नाहीतर फाईल शोधण्यातच दोन तास जातात. आधी फाईल पाहावी, हवी ती पाने टिपून घ्यावीत आणि मग तेवढ्याच पानांसाठी माहितीचा अर्ज करावा. अर्जाला १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये, अपिलाला २० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. 'पाच वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती' असा अर्ज केला की माहिती विस्तृत असल्याचे उत्तर येते आणि महिना वाया जातो. 'ठराव क्रमांक अमुक, दिनांक अमुक : टिपणी, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, अंतिम देयक' एवढे लिहिले तर टाळायला जागा राहत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील त्यानंतरच्या तीस दिवसांत करावे.

ही सगळी धावपळ एकेका नागरिकाने करण्यापेक्षा वृत्तपत्राने थोडीशी वाट सोपी केली तर फार काम होईल. स्थानिक पानावर, सभेच्या चार-पाच दिवस आधी, अर्धा रकाना पुरे. सगळे चाळीस विषय देण्याची गरज नाही. कार्योत्तर मंजुरी, मुदतवाढ, वाढीव काम आणि ठरावीक रकमेपुढची कामे, प्रत्येकाची रक्कम आणि प्रभाग, आणि सभेची वेळ. सभा एरवी नागरिकांसाठी खुल्या असतात, त्यामुळे वेळ छापली तर काही जण जाऊनही बसतील. सभेनंतरच्या बातमीत याच विषयांपुढे मंजूर, तहकूब की फेटाळला, आणि विरोध कोणी नोंदवला, एवढे द्यावे. पुढच्या सभेपासून सुरुवात करता आली तर उत्तमच, कारण पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईचे आणि खड्डे भरण्याचे विषय बहुतेक ठिकाणी घाईघाईने आणि एकगठ्ठा येतात.

कळावे,
एक करदाता